आमची वाटचाल: कर्द्याचं आगर, सायकली आणि समुद्र

आमच्या घरी उतरणाऱ्या पाहुण्यांचा खोलीसाठी फोन आला की मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतो, खोली रिकामी आहे का ते नंतर. पुनव-अवस जवळ असेल तर सांगतो, सकाळी सायकल पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, नेता येईल. अष्टमीच्या सुमाराला येणार असाल तर सकाळ रस्त्याची, कारण तेव्हा ओहोटी भर दुपारी बाराला असते आणि त्या उन्हात मी कुणाला वाळूवर पाठवत नाही.

हा हिशेब वडिलांनी शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. आठाची पाऊणपट सहा. त्याच्या पुढे-मागे सहा तास मोजले की ओहोटी. पाणी मागे गेलं की ओली वाळू अशी घट्ट बसते की चाक रुतत नाही. आमचा सगळा धंदा या पट्ट्यावर उभा आहे, असं मी मनापासून मानतो.

सुरुवातीला सायकल डोक्यातही नव्हती. दापोली तालुक्यातलं कर्दे, समुद्राला लागून आमचं नारळी-पोफळीचं आगर, मागच्या पडवीला भिंती घालून केलेल्या दोन खोल्या. पाहुणे गाडीने यायचे. एका दिवसात आसूदचा केशवराज, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, सुवर्णदुर्गाची होडी असं सगळं उरकायचे आणि दमून परत जायचे. खोल्या भरत होत्या, पण मला ते बघवत नसे. मग एकदा पुण्याच्या एका ताईंनी माझी जुनी सायकल मागितली, मुरुडला जाऊन येते म्हणाल्या. तीन तासांनी आल्या त्या चपला हातात घेऊन, आणि ओटीवर बसून म्हणाल्या, "दादा, आम्ही उद्या निघत नाही." त्या पावसाळ्यानंतर मी दोन जुन्या सायकली विकत घेतल्या.

पहिल्याच मोसमात त्या गंजल्या. खाऱ्या हवेने चेन आखडली, चाकाच्या तारा तांबड्या पडल्या, ब्रेकची वायर तुटली. दापोलीच्या एका मेकॅनिककाकांनी चेन हातात घेऊन दाखवलं, की मीठ कड्यांच्या आत बसतं आणि वरून तेल सोडलं तर ते आतच कोंडतं. तेव्हापासून पुळणीवरून आलेली सायकल आधी विहिरीवर जाते. गोडं पाणी, फडक्याने कोरडी, थोडं ऊन, आणि मग एकेका कडीवर तेलाचा थेंब. आता नऊ सायकली आहेत. रोज संध्याकाळचा तासभर त्यात जातो आणि तो तास मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

जेवणाच्या बाबतीत मात्र आम्ही चुकलो होतो. पाहुण्यांना हवं म्हणून पनीर ठेवलं, नूडल्स ठेवल्या. आई गप्प राही. एकदा आमच्यासाठी केलेलं कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी एका पाहुण्यांनी मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पंगतीला तेच लागलं. तेव्हापासून आगरात आणि बाजारात त्या दिवशी जे असेल तेच करतो. सकाळी घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस, उन्हाळ्यात फणसाची भाजी, आमच्याच रातांब्यांच्या आमसुलांची सोलकढी. आमच्या चुलीवर मासे होत नाहीत. ते शेजारच्या वहिनी करतात. पाहुणे गडग्याच्या खिंडीतून त्यांच्या खळ्यात जाऊन जेवतात आणि पैसे थेट त्यांनाच देतात. हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावात बांगडा मिळाला तर बांगडा, मांदेली मिळाली तर मांदेली. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीवर भागवायचं. हे फोनवरच सांगून टाकतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. टाळेबंदीमुळे खोल्या आधीच रिकाम्या होत्या. आम्ही माजघरात बसलो होतो आणि बाहेर पोफळी एकामागून एक मोडत होत्या, त्या आवाजाने अजून जाग येते. दुसऱ्या दिवशी घरातून समुद्र दिसला. जन्मात कधी दिसला नव्हता, मधे आगर होतं. सायकलींच्या शेडवर माड पडला होता. वीज कितीतरी दिवस नव्हती. वडील एकदाच आगरात फिरून आले आणि पडवीत बसून राहिले.

त्या वर्षी कमाई नव्हतीच. जुन्या पाहुण्यांनी पुढच्या वर्षीच्या खोलीचे पैसे आधीच पाठवले, त्यातून पत्रे घेतले. पोफळीच्या रोपाला सावली लागते, म्हणून आधी केळी लावल्या आणि त्यांच्या आडोशाला रोपं. पाहुणे यायला लागले तेव्हा आगरात उन्हाशिवाय काही नव्हतं. खोल्या वाढवून जागा भरून काढ, असं पुष्कळांनी सुचवलं. आम्ही चारवर थांबलो, कारण पाचवी खोली रोपांच्याच जागेत आली असती.

यंदा त्यातल्या काही पोफळींना पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली. वडिलांनी मला हाक मारून नेलं आणि हात लावून दाखवली. सायकली आता पुन्हा तिथेच, झाडांखाली लागतात.