पिकपला एसी कशाला?

जुन्या पिकपला एसी कशाला, आणि तोही डॅशखाली लटकवायचा स्वस्तातला का नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी हा विषय टाळतोच. २०११ची पिकप, विकायला काढली तर दोन लाखांच्या वर कुणी बोलणार नाही, आणि तिच्यात मी अडतीस हजार घालून एसी बसवला. तोही कंपनीच्या गाडीत येतो तसाच, डॅशबोर्डच्या आतला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. तिथं चहाच्या गाड्यावर उभं राहिलं की ठरलेलं वाक्य येतं, "काय भावा, कास्टिंगला उकडाय लागलं व्हय?" मी हसतो. मेव्हण्यानं विचारलं, शेजारच्या लेथवाल्यानं विचारलं, सीएनं जरा सभ्यपणे विचारलं, "हा खर्च नक्की कशात दाखवायचा?"

प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं. काहींना सांगितलं, आता कायदाच आलाय. ती थाप होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला हे खरं, पण तो एन-२ आणि एन-३ वर्गाला, म्हणजे मालासकट साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना. माझी पिकप एन-१, म्हणजे साडेतीन टनांच्या आतली. शिवाय नियम नव्या गाडीला आहे. जुन्या पिकपमध्ये बसलेल्या माणसाबद्दल त्यात एक अक्षर नाही. काहींना सांगितलं, कागल-सातारा सहापदरीच्या कामाची धूळ. हे अर्धं खरं. काच वर केली तर भट्टी आणि खाली केली तर तोंडात वाळू, हे त्या रस्त्यावर जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

उरलेलं अर्धं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमची गाडी मामा चालवतात. खरे मामा कुणाचेच नाहीत, पण शॉपमध्ये सगळे मामाच म्हणतात, मीही. पंचावन्नच्या पुढचे. शिरोलीच्या फाउंड्रीतून कच्ची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आणायची, मशिनिंग झालं की पुण्याजवळ भोसरीला पोचवायची, आठवड्यातून दोन फेऱ्या. २०१९च्या उन्हाळ्यात एकदा बिलं ठेवता ठेवता ते म्हणाले, "मालक, त्या नव्या पिकपला एसी आलाय म्हनं." मी मान वर न करता म्हटलं, "मामा, एसीत बसलात तर झोप लागंल तुमाला." सगळे हसले. मामाही हसले. मला तर ते वाक्य इतकं आवडलं की पुढं दोन-तीन ठिकाणी वापरलं.

त्या वेळच्या माझ्याशी मी अजून भांडतो. तो म्हणतो, बाबा रे, तेव्हा मशीनचा हप्ता चालू होता, रेट पडले होते, कोल्हापूरची हवा काही नागपूरची नाही, आणि अख्ख्या उद्यमनगरात कुणाच्या पिकपला एसी होता? बरोबर आहे त्याचं. पण त्याच वर्षी त्यानं ऑफिसला दीड टनाचा एसी बसवला होता, हे तो सांगत नाही.

मे २०२४. भाचीच्या लग्नासाठी मामा चार दिवस गारगोटीकडं गेले. नेमका भोसरीचा माल अडकला. साडेबाराशे किलो, सकाळी नऊच्या आत पोचला नाही तर तिथल्या कारखान्याची लाइन थांबणार. बदली ड्रायव्हर मिळेना. म्हटलं, आपणच जाऊ, लायसन्स आहे, हात बसलेला आहे. रात्री दीडला निघालो. जाताना मजा आली, खरंच. गार वारा, मोकळा रस्ता, खंबाटकीच्या बोगद्यातून सुर्रकन पलीकडं. मनात म्हटलं, मामा उगीच दमल्यासारखं करतात.

माल उतरवून परत निघायला अकरा वाजले. बोगदा तेव्हा होता तो साताऱ्याकडून पुण्याला जाणाऱ्यांना. येताना खंबाटकीचा घाट चढावाच लागायचा. घाटात ट्रकांची रांग. पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला. गाडी रिकामी होती, तरी इंजिनाची धग फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून, आत येत होती. क्लचवरचा डावा पाय गिअरबॉक्सच्या बाजूला, तिथं पत्रा हात लावू देत नव्हता. पाठ सीटच्या रेक्झिनला चिकटलेली. सातारा मागं पडला. मग कामाची डायव्हर्जन सुरू झाली, पांढरी धूळ, काचा वर. एक बाटली पाणी संपलं, दुसरी गरम झाली, ती पिववेना. अडीचच्या सुमारास कराडच्या अलीकडं कुठंतरी होतो.

झोप लागली असं मी म्हणणार नाही. डोळे उघडे होते, हे मला आठवतंय. समोरचा टेम्पो दिसत होता. पण त्या टेम्पोच्या आणि आवाजाच्या मधली काही सेकंदं माझ्याकडं नाहीत. आवाज आला तो प्लॅस्टिकच्या ड्रमचा, रस्त्याच्या कामाला कडेनं लावतात ना, लाल-पांढरे, त्यातला एक. डावा आरसा गेला. ब्रेक मारून थांबलो आणि मागं पाहिलं, तर ड्रम जिथं होता तिथून चार हातांवर एक बाई ताडपत्रीच्या सावलीत बसून भाकरी खात होती.

ती ओरडली नाही. माझ्याकडं बघितलं, भाकरी फडक्यात ठेवली, उठली, ड्रम ढकलत ढकलत परत जागेवर आणला, आणि पुन्हा जाऊन बसली. असं रोजच होत असावं, इतक्या सहज. मी खाली उतरून काहीतरी बोलायला हवं होतं. उतरलो नाही. पाय थरथरत होते, हे एक कारण. दुसरं सांगत नाही.

पाणी शोधायला दाराच्या कप्प्यात हात घातला. मामांचं सामान निघालं. दोन पंचे, पाण्यात भिजवून वाळलेले, पापडासारखे कडक. कागदाच्या पुडीत मीठ-साखर. काच पुसायच्या औषधाची रिकामी स्प्रेची बाटली, तिच्यात साधं पाणी. आणि क्लचखाली पुठ्ठा. तो पुठ्ठा मी आधी शंभरदा पाहिला होता. गाडीत कचरा ठेवतात म्हणून एकदा बोललोही होतो. आज नीट बघितला. आमच्याच पॅकिंगच्या बॉक्सचा, तीन थर एकावर एक, सेलोटेपनं बांधलेले. वरच्या थरावर आमचा शिक्का आणि पार्ट नंबर. त्या शिक्क्यावर टाचेच्या आकाराचा खळगा पडला होता.

मी तो स्प्रे तोंडावर मारला आणि अर्धा तास तिथंच बसलो. मग पन्नासच्या वर न जाता घरी आलो.

घरी आणि शॉपमध्ये सांगितलं, भोसरीत रिव्हर्स घेताना आरसा तुटला. सगळ्यांनी मानलं. मामा परत आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, तुटक्या आरशाचा दांडा बोटानं हलवून बघितला. "रिव्हर्सला पुढं वाकतोय मालक. ह्यो मागं वाकलाय." बस. पुढं त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आज इथं लिहितोय तेच पहिल्यांदा.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: बसवायचाच होता तर डॅशखाली लटकवायचा डबा का नाही? बावीस हजारांत दिवसात काम होत होतं. नाही घेतला, कारण तो डबा मधल्या माणसाच्या गुडघ्यावर येतो आणि त्याचं पाणी पायावर ठिबकतं. शिवाय तो जुगाड दिसतो. मला जुगाड नको होता. का नको होता ते तुम्ही ओळखलं असेल.

त्याच कंपनीच्या जीपला हेच इंजिन, आणि ती जीप एसीसकट येत होती. भंगारातल्या एका जीपचं कूलिंग कॉइल, ब्लोअर, त्याचा डबा आणि कॉम्प्रेसर मिळाला. गॅस थंड करणारा पुढचा कंडेन्सर नवा, पाइप नवे दाबून घेतले. गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायरही नवाच, जुना ड्रायर उघड्यावर पडून हवेतलं सगळं पाणी पिऊन बसलेला असतो, तो बसवणं म्हणजे पैसे ओतणं. एक ब्रॅकेट तेवढा मिळेना. मी म्हटलं, उद्यमनगरात मशीन शॉप काढून बसलोय आणि ब्रॅकेट विकत आणू? दहा एमएमची प्लेट कापली, वेल्ड केली, मिलिंगवर फेस मारला. दिसायला असा देखणा की मी मोबाइलवर फोटो काढून लोकांना दाखवला. बाराशे किलोमीटरांत वेल्डच्या कडेनं तडा गेला. डिझेल इंजिन आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना, जो हादरा देतं तो प्लेटला सोसेना, आणि पुली मुळात दीड एमएम बाहेर होती, ती बेल्ट खात होती. मग शोधून शोधून जीपचा मूळ ब्रॅकेट आणला. तो कास्टिंगचा. जन्मभर कास्टिंगवर पोट भरलं आणि स्वतःच्या कामाला प्लेट वापरली, यावर चहाच्या गाड्यावर आठवडाभर करमणूक झाली. तो हशा मात्र मला मान्य आहे.

बाकीची कटकट थोडक्यात सांगतो. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढं बसतो, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. पहिल्याच घाटात तापमानाचा काटा चढला, म्हणून समोर विजेचा पंखा घातला. पंखा, ब्लोअर आणि कॉम्प्रेसरच्या क्लचची कॉइल मिळून जुन्या अल्टरनेटरला झेपेना, तोही बदलला. कॉम्प्रेसर लागला की आयडलिंग पडायचं, ते उचलायला वेगळी सोय केली. गॅस भरण्याआधी एसीवाला पाऊण तास व्हॅक्यूम ओढत बसला तेव्हा मला वाटलं बिल वाढवतोय. तसं नव्हतं. पाइपात राहिलेलं पाणी त्या पोकळीत उकळून निघून जातं. ते आत राहिलं तर एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकात बर्फ होऊन बसतं आणि दोन दिवसांत तुम्ही त्याच्या दारात. एसीतला १३४ए गॅस उघड्यावर उणे सव्वीस अंशाला उकळतो, त्याच्यापुढं पाण्याच्या थेंबाचं काय चालणार.

ऑगस्टमध्ये काम संपलं. भर पावसात. त्याच्यावरही विनोद झाले.

आणि आता ज्यासाठी तुम्ही मला जास्त छळता ते. होय, मामा एसी लावत नाहीत. तुमच्यातल्या एकानं परवा कागलला गाडी बघितली, काच खाली, कोपर बाहेर. मला फोन करून सांगितलं, "गेले की अडतीस हजार!" मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "डिझेल खातोय मालक." त्यांचं खोटं नाही. लिटरला तेरा किलोमीटर देणारी गाडी आता एसी लावून बारा देते. मी म्हटलं, खाऊ दे. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी परत काच खाली.

यात हट्ट त्यांचा आहे असं मी बरेच दिवस मानत होतो. मग बायकोनं विचारलं, "फेरी झाली की तुम्ही त्यांना पहिलं काय विचारता?" फेरी झाली की मी विचारतो, "मामा, ॲव्हरेज काय पडलं?" तेरा वर्षं विचारतोय. आता थांबवायचं ठरवलं, दोन फेऱ्या विचारलं नाही. तिसऱ्या फेरीला मामांनी आपण होऊनच सांगितलं, "बारा पॉइंट नऊ."

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर भोसरीला गेलो, मुद्दाम. येताना साताऱ्याच्या पुढं मीच बटन दाबलं. दहा मिनिटांत केबिन गार झाली, झकास, अंगावर काटा येईल अशी. मामा म्हणाले, "ब्येस हाय." तासवडेच्या टोलनाक्यापर्यंत मी खुशीत. मग त्यांनी फास्टॅगसाठी गाडी हळू केली, क्लच दाबला, आणि पायाखाली काहीतरी सरकलं.

पुठ्ठा. अजून तोच, म्हणजे नवा, पण तसाच. मी विचारलं, आता कशाला? "गारवा वर येतोय मालक. पाय हितं खालीच भाजतोय."

जीपच्या त्या डब्याला पायाकडं हवा नेणारी एक वेगळी नळी असते. भंगारात ती फुटलेली होती. एसीवाल्यानं विचारलं होतं, नवी मागवू का, नऊशे रुपये, आणि पत्र्याला खालून धग अडवायचं मॅटही टाकून घ्या. अडतीस हजार झाले होते. मी म्हटलं होतं, पायाला कशाला एसी?

नळी मागवली आहे. मॅटचं माप घ्यायला रविवारी क्लचखालचा फ्लोअर उघडायचाय. चहाच्या गाड्यावरून ते दिसणारच, तेव्हा विचाराल, आता काय नवीन काढलंय. विचारा.