अल्गोल तुम्हाला कितीचा दिसतोय?

ऑगस्ट जवळ आला की आमच्या आकाशवाल्या ग्रुपवर कुणाच्या तरी मेव्हण्याने पाठवलेला तो मेसेज येतोच, "२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, हा योग चुकवू नका". वर्ष कुठलंही असो, तारीख तीच. मूळ गोष्ट २००३ ची आहे, तेव्हा मंगळ खरंच साठेक हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला होता, जवळ म्हणजे तरी साडेपाच कोटी किलोमीटरच्या वर. आणि मूळ वाक्य असं होतं की ७५ पट मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ तेवढा दिसेल जेवढा नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो. फॉरवर्ड होता होता दुर्बीण गळाली, मंगळ तेवढा राहिला :)

मला फॅक्ट्सचा राग नाहीये, मीसुद्धा टाकतो. पण खरं सांगू का, "तुम्हाला माहीत आहे का" वाल्या पोस्टवर दोन अंगठे, एक वॉव येतो आणि विषय संपतो. ग्रुप खरा जागा होतो तो अल्गोलच्या रात्री, म्हणजे हा तारा फिका पडतो त्या रात्री. त्या रात्री कुणी कुणाला माहिती देत नाही, प्रत्येकजण फक्त त्याला तारा किती तेजस्वी दिसला त्याचा आकडा देतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. डिसेंबरात अंधार पडला की उत्तरेकडे शर्मिष्ठा हा तारकासमूह बघा, तो एम आकार कुणालाही सापडतो. तिच्या उजव्या हाताला, पूर्वेकडे, ययाती हा दुसरा तारकासमूह. डोक्यावरच्या बाजूला देवयानी, आणि खाली वायव्येकडे कललेला शर्मिष्ठेचा बाप वृषपर्वा, म्हणजे अख्खं भांडकुदळ कुटुंब एकाच भागात नांदतंय. ययातीतला सगळ्यात ठळक तारा मिरफाक, आणि दुसरा अल्गोल. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला मायावती म्हटलंय आणि नाव अगदी फिट बसतं, कारण हा तारा एरवी २.१ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा) असतो आणि दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी उतरत उतरत ३.४ वर जातो, म्हणजे तेज एक तृतीयांशाच्याही खाली, आणि पुन्हा वर येतो. खाली जाऊन वर यायचा सगळा खेळ दहाएक तासांचा. दुर्बीण लागत नाही, ॲप लागत नाही, गच्ची लागते.

बघायचं कसं? (प्रत जितकी मोठी तितका तारा फिका हे आधी डोक्यात बसवा, नवीन लोक इथेच उलटे होतात.) देवयानीतला आलमाक २.१ चा आहे, तो आणि अल्गोल सारखे दिसले तर आज काही घडत नाहीये, जेवायला जा. अल्गोल फिका वाटला तर मग ययातीतलाच एप्सिलॉन नावाचा तारा घ्या, २.९ चा, आणि अल्गोलला खेटून असलेला कप्पा, ३.८ चा. आता नजर दोघांवर फिरवत ठरवायचं की अल्गोल तेजाने एप्सिलॉनच्या जवळ आहे की कप्पाच्या. दोघांच्या तेजातल्या फरकाचा साधारण तिसरा हिस्सा एप्सिलॉनच्या खाली वाटला तर ३.२ लिहा. एवढंच. टक लावून बघू नका, झटकन बघायचं आणि नजर हलवायची. आणि अल्गोलच्या शेजारचा ऱ्हो हा तारा तुलनेला अजिबात घेऊ नका, जागा सोयीची आहे त्याची, पण तो स्वतःच रूपविकारी आहे, कमीजास्त होत राहतो. मापट्यालाच गळती असेल तर दूध काय मोजणार!

हा खेळ सुरू केला तो दोघा शेजाऱ्यांनी, आणि ही गोष्ट मला ग्रुपवर वारंवार सांगायला आवडते (लोक आता स्टिकर टाकून थांबवतात). इंग्लंडमधल्या यॉर्क गावी जॉन गुडरिक नावाचा पोरगा होता, लहानपणच्या आजारात ऐकू येणं गेलेलं. जवळच एडवर्ड पिगट, त्याच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा, बापाबरोबर आकाश बघणारा, घरची वेधशाळा. कुठल्या ताऱ्यांचं तेज बदलतं यावर त्याचं लक्ष असायचं, त्याने या पोराला सोबत घेतलं. अल्गोल बदलतो हे इटलीच्या मोंतानारीने शंभरेक वर्षं आधी नोंदवलं होतं, पण तो घड्याळासारखा ठराविक वेळाने बदलतो हे कुणाला माहीत नव्हतं. नोव्हेंबर १७८२ मध्ये गुडरिकला तो फिका पडलेला दिसला, मग दोघं आपापल्या जागेवरून बघत, नोंदी ताडून बघत. मे १७८३ मध्ये पेपर गेला, त्यात पोराने लिहिलं की एखादी मोठी काळोखी वस्तू ताऱ्याभोवती फिरत असेल आणि मधे येत असेल, नाहीतर ताऱ्यावरच डाग असतील. वय अठरा! त्याच वर्षी रॉयल सोसायटीचं कोपली पदक. पहिला अंदाजच खरा होता हे सिद्ध व्हायला १८८९ साल उजाडलं, जर्मन खगोलशास्त्रज्ञ फोगेलने वर्णपटावरून (ताऱ्याच्या प्रकाशातले रंग वेगळे करून) दाखवलं की तिथे खरंच दोन तारे आहेत. गुडरिक १७८६ मध्येच गेला, एकविसाव्या वर्षी. तेवढ्यातही वृषपर्वातला डेल्टा हा तारा बदलतो हे त्याने १७८४ मध्ये पकडून ठेवलं होतं, आणि त्याच जातीच्या ताऱ्यांवरून पुढे हेन्रिएटा लेविट या खगोलशास्त्रज्ञ बाईंनी ताऱ्यांचं अंतर मोजायची पट्टी दिली आणि खगोलशास्त्रज्ञ हबलने ती देवयानी दीर्घिकेला लावली. ते प्रकरण मोठं आहे, वेगळं लिहीन.

रील्सवर मात्र अल्गोल म्हणजे "सैतानाचा तारा, डोळा मिचकावतो, अपशकुनी". अरे बाबांनो, खरी भानगड त्याहून भारी आहे. दोन तारे, आपल्यापासून नव्वदेक प्रकाशवर्षांवर, एकमेकांना इतके चिकटून की बुध सूर्यापासून जितका लांब आहे त्याच्या पाचव्या भागापेक्षाही कमी अंतर. एक निळसर पांढरा, सूर्याच्या तिपटीहून जास्त वस्तुमानाचा, झगझगीत. दुसरा मंद, सूर्याहूनही हलका, पण अंगाने फुगलेला. मंद तारा झगझगीत ताऱ्याच्या पुढे आला की आपल्याला प्रकाश कमी मिळतो. आता गोची बघा. फुगणं हे ताऱ्याच्या म्हातारपणाचं लक्षण, आणि जड तारा इंधन भसाभसा जाळतो म्हणून आधी म्हातारा होतो. इथे जड तारा तरुण आणि हलका म्हातारा! दोघं जन्मले बरोबरच. हे कोडं कित्येक वर्षं खगोलवाल्यांना छळत होतं. उत्तर असं की आज जो हलका आहे तोच मुळात जड होता, तो आधी पिकला, फुगला, आणि इतका फुगला की त्याचा बाहेरचा माल शेजाऱ्याच्या ओढीत सापडून तिकडे वाहून गेला. आज जो जड दिसतो त्याचं बरंचसं वस्तुमान या उसन्या मालाचं. हे वाचल्यावर मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो होतो आणि बायको विचारत होती काय झालं, कुणाचा मेसेज आहे.

(हेलसिंकीच्या काही संशोधकांनी असंही मांडलंय की इजिप्तच्या तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या शुभ-अशुभ दिवसांच्या पंचांगात २.८५ दिवसांची लय सापडते, ती अल्गोलची. ग्रुपवर यावरून दोन तट आहेत. मी न पटणाऱ्यांत आहे, आकड्यांच्या ढिगात शोधली की लय सापडतेच. भांडायचं असेल तर खाली या.)

आता आमची पद्धत. अल्गोलच्या रात्री धुळ्यापासून सावंतवाडीपर्यंत माणसं गच्चीवर असतात, दर अर्ध्या तासाने एक आकडा. पहिल्यांदा आम्ही आकडे लगेच टाकायचो, तर व्हायचं असं की ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ काकांनी ३.० म्हटलं की पुढच्या सगळ्यांना ३.०, ३.१ च दिसायचं, काकांसमोर ३.४ म्हणणार कोण. नाशिकच्या एका ताईंनी शेवटी स्पष्ट सांगितलं, "काका, तुमचा आकडा बघितला की माझे डोळे तुमचे होतात". तेव्हापासून नियम, आकडे वहीत लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतरच टाकायचे. मग एकजण सगळे एक्सेलमध्ये घालतो आणि आलेख काढतो. ठिपके इकडेतिकडे उडालेले असतात, एकाचा कायम फिका, एकाचा कायम उजळ, कुणाच्या गच्चीसमोर हॅलोजन, पण सगळे मिळून तो खड्डा असा काही नीट उमटतो ना, डावी उतरण, तळ, उजवी चढण. नववीतल्या एका पोराने मागे तळाची वेळ काढली, नेटवर दिलेल्या वेळेच्या जवळपास आली, आणि ग्रुपवर जे काय फटाके फुटले! मंगळाच्या मेसेजला असं कधी झालंय का?

यंदा ज्यांना यायचंय त्यांनी एवढं करा. अल्गोल सगळ्यात फिका असतो त्या, म्हणजे किमान तेजाच्या, वेळा नेटवर मिळतात, बहुतेक ठिकाणी त्या जागतिक वेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवा. एका रात्री किमान तेज पहाटे १ ला असेल तर पुढचं तीन दिवसांनी रात्री पावणेदहाच्या सुमाराला आणि त्यापुढचं आणखी तीन दिवसांनी संध्याकाळी साडेसहाच्या पुढेमागे, म्हणजे दरवेळी सव्वातीन तासांच्या जवळपास अलीकडे. किमान तेज रात्री दहा-अकराच्या आसपास येईल अशी रात्र निवडा, अंधार पडल्यापासून उतरण मिळते आणि बाराच्या पुढे चढणही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालेल, तारा वर असताना बघा, क्षितिजाजवळचा आकडा लिहू नका, हवेमुळे तो उगाच फिका येतो. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात लिहा, ढग असले तर "ढग" असं लिहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आधी आकडा टाकलात तर काका काही बोलणार नाहीत, ताई बोलतील.