करडईचा लाल

मी पेपर कन्झर्व्हेटर आहे, म्हणजे जुने कागद, चित्रं, नकाशे जपायचं काम, इथे अमेरिकेत एका म्युझियममध्ये. परवाचा दिवस डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसले.

प्रदर्शनासाठी एक जपानी प्रिंट टेबलावर आली. उभी, अरुंद, साधारण ३३ बाय १५ सेंटिमीटर. काबुकीतला, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकातला नट, दुसरा इचिकावा दांजुरो (१६८८–१७५८), ज्याच्या वडिलांना १७०४ मध्ये थिएटरमध्येच एका सहकलाकाराने भोसकून मारलं होतं तो. चेहऱ्यावरून ओळखू येत नाही, तेव्हा नटांचे चेहरे जवळपास सारखेच काढायचे, ओळखायचं ते कपड्यावरच्या चिन्हावरून, एकात एक तीन चौकोन.

बऱ्याच लोकांना वाटतं की या प्रिंट्सचे रंगही छापलेलेच असतात. पण अनेक ठसे वापरून पूर्ण रंगीत छपाई सुरू झाली १७६५ ला. त्याच्याही बरंच आधी, साधारण १७४० पर्यंतच्या या नटांच्या चित्रांत लाकडी ठशाने फक्त काळ्या रेषा छापायच्या आणि रंग हाताने, ब्रशने भरायचे. सुरुवातीला ‘तान’, म्हणजे चक्क शेंदूर, आपण मारुतीला लावतो तोच शिशाचा. पुढे ‘बेनी’ आला, तो करडईच्या फुलांचा. काळ्या शाईत सरस मिसळून चकाकी आणायची, वर पितळेची पूड भुरभुरायची. या प्रिंटवर ती पूड अजून आहे, दिवा तिरपा धरला की कण लखलखतात.

आता प्रॉब्लेम असा की कुणीतरी पूर्वी ही प्रिंट जाड पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवलेली, आणि पुठ्ठा आम्लामुळे तपकिरी पडलेला. प्लॅन असा होता की मागून हलका ओलावा देऊन सोडवायची. मी आधी टेस्ट केली, बाहीच्या कडेला सुईच्या टोकाएवढं पाणी लावलं, त्यावर टिपकागद टेकवला, उचलला आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं तर कागदावर फिकट गुलाबी ठिपका. माझ्या पोटात गोळाच आला. तीनशे वर्षांपूर्वीचा रंग आणि एका थेंबाने सुटतोय! लगेच सगळ्यांना सांगितलं, पाणी बंद, वाफ बंद. मग स्काल्पेलने पुठ्ठा मागून एकेक पापुद्रा करून काढला, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत, मान अवघडली पण कागद कुठे फाटला नाही. मागची बाजू दिसली तेव्हा तिथे छापताना ‘बारेन’ने, म्हणजे कागद ठशावर दाबायच्या गोल चकतीने, घासलेल्या बारीक खुणा होत्या, आणि लाल रंग जिथे जास्त पडला तिथे तो आरपार झिरपलेला.

पुढून बघताना अजून एक गोष्ट सापडली. बाहीच्या लाल भागात ब्रशचा एक केस अडकलाय, रंगात बुडालेला. आणि तिथेच लाल रेषेच्या जरासा बाहेर गेलाय. चित्रावर चित्रकाराची सही असते, पण रंग भरणाऱ्याचं नाव नाही. घाईत होता का, कंटाळला होता, की ब्रशच जुना झालेला, मी बराच वेळ तेच बघत बसले.

घरी येऊन आईला फोन केला. आमचं गाव सोलापूरकडचं, ज्वारीच्या कडेने करडई लावायची म्हणजे काट्यांमुळे गुरं आत येत नाहीत. आई म्हणाली, “अगं करडई तर पिवळी, लाल कुठून काढलास?” मग सांगितलं की फुलं वाळताना लालसर होतात, पिवळा रंग पाण्याने धुऊन टाकायचा, मग राखेच्या पाण्यात लाल सुटतो, आणि आंबट घातलं की खाली बसतो. तिला ते फार आवडलं, म्हणाली एवढी वर्षं आपण नुसतं तेल काढलं आणि भाजी खाल्ली.

प्रिंट प्रदर्शनात मंद उजेडात, थोडेच महिने लागेल, कारण बेनी उजेडाने भराभर उडतो. नंतर परत अंधारात. तो केस मी काढला नाही, रिपोर्टमध्ये फोटो लावून लिहिलंय, ‘मूळचा आहे, हलवू नये.’