आमची वाटचाल : टार्पन स्प्रिंग्जचा स्पंज

फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जच्या धक्क्यावर ग्रीक बोटींचा स्पंज, म्हणजे समुद्रतळाशी वाढणाऱ्या जीवाचा मऊ तंतूंचा सांगाडा, घ्यायचा, छाटायचा आणि विकायचा, एवढाच आमचा धंदा. सुरुवातीला तयार माल घ्यायचो. आता बोटीवरून उतरलेलाच घेतो, कारण स्पंजाची प्रत डेकवर ठरते. दुकानात आल्यावर ती सुधारत नाही.

हे कसब ग्रीसच्या कालिम्नोस, सिमी, हाल्की या बेटांवरच्या लोकांचं. 1905 मध्ये जॉन कोकोरिस या ग्रीक स्पंज-व्यापाऱ्याने तिकडचे पाणबुडे इथे आणले. त्याआधी लोक काचेच्या तळाच्या बादलीतून समुद्राचा तळ न्याहाळत आणि लांब काठीच्या आकड्याने स्पंज ओढत. खोल पाण्यात ते जमत नसे. ग्रीक आले ते पितळी शिरस्त्राण, शिशाचे जड बूट आणि हवेचा पंप घेऊन. पण खोलातून घाईने वर आलं की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, आणि त्यापायी कितीतरी पाणबुडे कायमचे लुळे झाले. आज कॉम्प्रेसरची नळी आहे, तरी सावकाश वर येण्याला पर्याय नाही.

स्पंज खडकापासून उपटायचा नाही, कापायचा. बुंधा राहिला की तो पुन्हा वाढतो. 5 इंचांहून कमी व्यासाच्या स्पंजाला फ्लोरिडात हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

वर येतो तेव्हा तो काळा, कातडीने झाकलेला आणि चिकट असतो. डेकवर ओल्या गोणपाटाखाली काही दिवस ठेवला की आतला जिवंत भाग कुजून सैल होतो. मग कातडी खरवडायची, पुन्हा पुन्हा पिळून धुवायचं, दोरीत ओवायचं. गोणपाट वाळलं तर कातडी तंतूंना चिकटून बसते. घाईने धुतला तर आत राहिलेला भाग पुढे वास मारतो. म्हणून आम्ही प्रत्येक नग भिजवून, पिळून, नाकाशी धरूनच घेतो. बुडखा चाचपून वाळूही बघतो, नाहीतर वाळूचेच पैसे मोजावे लागतात.

छाटणी मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्रीने. सगळ्यांत चांगला ‘वूल’ जातीचा : मऊ आणि चिवट. अंघोळीला हाच घ्यावा, कुंभारकामालाही. ‘यलो’ जरा कडक असतो, ‘ग्रास’ लवकर फाटतो. पिवळाधमक दिसावा म्हणून काही जण ब्लीच करतात, पण त्याने तंतू कमजोर होतात. आम्ही तपकिरीच विकतो.

गिऱ्हाइकांकडून परत येणारे बहुतेक स्पंज उकळलेले असतात. उकळला की तो आकसून कडक होतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. साफ करायला कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घाला, पंधरा मिनिटं भिजवा, खळबळून धुवा आणि पिळा न देता दाबून पाणी काढा.