सुया आणि ॲल्युमिनाइड

शुक्रवार, रात्री

पंपाची बॉडी गिऱ्हाईकाकडून परत आली, फ्लँजजवळ तडा गेलेली. तुकडा कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला, तर चकचकीत ॲल्युमिनियममध्ये लांबच लांब करड्या सुया. भंगारातून लोखंड शिरलं, की ते ॲल्युमिनियम-सिलिकॉनशी मिळून हे आंतरधातू संयुग, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात जुळलेल्या धातूंचं संयुग, बनवतं. काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ. थोडं मँगनीज घातलं की सुयांऐवजी बोथट, वेडेवाकडे आकार तयार होतात आणि तडा सहज पळत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत, आमच्या ओतकामवाल्यांच्या वसाहतीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण भंगाराचा भाव उतरला की विसर पडतो.

येळ्ळूरचा नवा पोरगा म्हणाला, "सर, म्हणजे ही संयुगं वाईटच की!"

म्हटलं, बोइंग ७८७ च्या जीईएनएक्स इंजिनात मागच्या टप्प्यांतली टर्बाइनची पाती टायटॅनियम ॲल्युमिनाइडची, म्हणजे टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या अशाच संयुगाची आहेत. निकेलच्या मिश्रधातूच्या निम्म्या वजनाची! अणू ठरलेल्या जागी शिस्तीत बसलेले, म्हणून तापल्यावरही धातू सहजी ढिला पडत नाही. त्याच शिस्तीपायी थंड असताना तो वाकायलाही तयार नसतो. ते ओतणं मात्र आपलं काम नव्हे. तो रस भट्टीचं अस्तरच खाईल. त्याला व्हॅक्यूम आणि पाण्याने गार ठेवलेली तांब्याची मूस लागते.

माझा जीव अडकलाय तो लोह-ॲल्युमिनाइडमध्ये. लोखंड आणि ॲल्युमिनियम, दोन्ही माल आपल्या यार्डात पडलेले. तापल्यावर अंगावर ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) साय धरतं, गंधकाच्या गरम वायूंनाही दाद देत नाही. ठिसूळपणा हा त्याचा जन्मजात स्वभाव, असंच बरीच वर्षं मानत. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत दिसलं, की बरंचसं पाप हवेतल्या ओलाव्याचं आहे. ॲल्युमिनियम वाफेशी भिडतं, सुटलेला हायड्रोजन तड्याच्या टोकाशी धातूत घुसतो. कोरड्या ऑक्सिजनमध्ये तोच नमुना कितीतरी पट ताणला जातो. आणि आमच्याकडे जुलैत दोरीवरची बनियन चार दिवस वाळत नाही!

क्रोमियम घातलं तर हा त्रास थोडा कमी होतो. सहाशे अंश सेल्सिअसच्या वर लोह-ॲल्युमिनाइडची ताकदही घसरते, त्यामुळे फार वजन पेलणारं काम त्याला देऊ नये. हीट ट्रीटमेंटचे ट्रे, भट्टीतल्या जाळ्या चालतील असं वाटतं. लोखंडाच्या रसात ॲल्युमिनियम पडलं की उष्णता भसकन उसळते, तेव्हा पहिली हीट (वितळवलेल्या रसाची एक खेप) लहान भट्टीतच घ्यायची. सोमवारी मालकांना विचारतो.