पुढचा शब्द बघा, मग प्रकार लिहा

आज कॉलेज रोडच्या क्लासमध्ये दहावीच्या इंग्रजी व्याकरणाच्या वह्या तपासल्या. लाल खुणा बहुतेक एकाच जागी: 'धिस' दिसलं की डोळे झाकून 'डेमॉन्स्ट्रेटिव्ह प्रोनाउन', म्हणजे दर्शक सर्वनाम. अरे, पुढे नाम आहे का बघा! 'धिस बॅग इज हेवी' मध्ये ते विशेषण, 'धिस इज हेवी' मध्ये सर्वनाम.

'हिमसेल्फ'ला चाचणी वेगळी. शब्द काढून वाक्य वाचा. 'ही हिमसेल्फ मेड द मिसळ' त्याच्याशिवायही टिकतं, म्हणून एम्फॅटिक, म्हणजे नुसता जोर देणारं. 'ही हर्ट हिमसेल्फ' मधून काढलं तर इजा कुणाला झाली हेच गुल, म्हणून रिफ्लेक्झिव्ह, म्हणजे क्रिया करणाऱ्यावरच उलटते.

'बिटवीन यू अँड आय' तर चांगले शिकलेलेही ऐटीत बोलतात. 'बिटवीन'सारख्या प्रीपोझिशननंतर (शब्दयोगी अव्ययानंतर) 'आय' नाही, 'मी'च. इंग्रजीतलं 'मी' हं, आपलं नव्हे!