घास हिसकावणारा मोठा ट्राउट : नऊ फेऱ्यांनंतरची नोंद

हंगामाच्या सुरुवातीला वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहिलं होतं की यंदा ड्राय फ्लायची (पाण्यावर तरंगणाऱ्या, किड्यासारख्या बनवलेल्या आमिषाची) कास्ट, म्हणजे फेक, सुधारायची. तिसऱ्या फेरीनंतर ते पान मागे पडलं. तेव्हापासूनच्या बहुतेक नोंदी एकाच गोष्टीच्या आहेत. लहान मासा गळाला लागतो, मी तो जवळ आणत असते, आणि खालून मोठा मासा येऊन त्याला तोंडात धरतो. नऊ फेऱ्यांत हे सहा वेळा झालं.

पहिली वेळ अजून हातात आहे. ५ वजनाचा रॉड (हा आकडा लाईनच्या वजनाचा), ५एक्स टिपेट, म्हणजे लाईनच्या टोकाचा बारीक धागा, आणि १६ नंबरचं निंफ, पाण्याखालच्या किड्यासारखी छोटी फ्लाय. वीतभर लांबीचा ट्राउट लागला होता. एवढा मासा लागला की रॉडच्या टोकाला कशी बारीक थरथर येते ते तुम्हाला माहीत आहे. ती थरथर एकदम थांबली. मला वाटलं लाईन दगडात अडकली. मग तो दगड सावकाश प्रवाहाच्या वरच्या दिशेला निघाला. घाई नाही, झटके नाहीत, नुसतं जड डोकं डावीकडे-उजवीकडे हलतंय. मी घाबरून रॉड जोरात उचलला. पाण्यात एक पिवळसर कूस उलटली आणि लाईन हलकी झाली. लहान मासा हातात आला तेव्हा त्याच्या दोन्ही कुशींवर तिरक्या रेघा होत्या, तेवढ्या जागेतले खवले निघून गेले होते.

त्या रेघांवरूनच पुढचं कळत गेलं. मोठा मासा सावजाला बहुतेक वेळा आडवा धरतो, मधोमध. मग थोडं थांबून, तोंडातल्या तोंडात फिरवून, डोक्याकडून गिळतो. ब्राउन ट्राउटला दात फक्त जबड्यात नसतात, टाळूवर आणि जिभेवरही असतात, त्यामुळे एकदा धरलेलं सावज सहसा निसटत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की गळ लहान माशाच्या ओठात आहे. मोठ्याला काहीच टोचलेलं नाही. त्याने धरून ठेवलंय म्हणून तो आपल्या लाईनवर आहे, आणि सोडावंसं वाटलं की सोडून जाईल. रॉड उचलून गळ बसवण्याची सवय इथे उलटी पडते. माझ्याकडून ती चूक तीन वेळा झाली.

चौथ्या वेळी मी काही केलं नाही. हातातला रॉड खाली झुकवला, लाईनला जेमतेम ताण ठेवला, त्याला चालू दिलं. तो जवळजवळ चाळीस सेकंद राहिला आणि मला पहिल्यांदा पूर्ण दिसला. पाठीवरचे ठिपके, पांढरट कडेचे पर, आणि जबड्यात आडवा धरलेला तो बिचारा लहान मासा, त्याचे कल्ले अजून हलत होते. मी जाळी पाण्यात सरकवली. जाळीची सावली दिसताच त्याने तोंड उघडलं आणि खोल गेला. लहान मासा माझ्याकडे परत आला तो मेलेलाच.

त्या दिवशी घरी आल्यावर बराच वेळ अस्वस्थ होते. ताण आणखी सैल सोडला असता तर मोठ्याने कदाचित गिळलं असतं, आणि दोघेही हातात आले असते. असं करणारे लोक आहेत. पण मग लहान माशाला आपण जिवंत आमिष म्हणून वापरतो आहोत, आणि गिळलेला गळ मोठ्याच्या घशात खोल जातो. अशा जखमेनंतर मासा सोडला तरी वाचण्याची आशा कमी. बऱ्याच पाण्यांत जिवंत मासा आमिष म्हणून वापरायला बंदीही आहे, पण नियम नसता तरी मी ते केलं नसतं. वहीत ठरवून लिहिलं: लहान मासा लागला की शक्य तितक्या लवकर आत घ्यायचा, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबलेलाच ठेवायचा, आणि मोठा आला तर जागा लक्षात ठेवायची. मोठ्यासाठी त्याच जागी नंतर वेगळी फ्लाय टाकायची.

मग प्रश्न पडला, तो नेमका धावून का येतो? त्याच डोहात लहान मासे दिवसभर त्याच्या समोरून फिरत असतात. गळाला लागलेला मासा वेगळा वागतो. तो टोळीतून तुटतो, एकाच दिशेने ओढला जातो, मधेच उलटतो तेव्हा पांढरं पोट चमकतं, आणि धडपडीचे अनियमित हेलकावे पाण्यात पसरतात. माशाच्या कुशीवरची पार्श्वरेषा असे हेलकावे जवळच्या अंतरावरून टिपते, म्हणून गढूळ पाण्यातही हल्ला होतो. वासाचाही भाग असू शकतो. मधमाश्यांच्या नृत्यामुळे सगळ्यांना ठाऊक असलेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली दाखवलं, की मिनो या लहान माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि बाकीची टोळी घाबरून पांगते. पुढच्या प्रयोगांत पाईकसारखे शिकारी त्याच गंधाकडे ओढले जातानाही दिसले. ट्राउटच्या बाबतीत मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. माझ्या सहाही वेळा हल्ला धडपड सुरू होताच, पहिल्या काही सेकंदांत झाला. एवढ्या लवकर यायला डोळे आणि पार्श्वरेषा पुरेशी आहेत.

सहांपैकी चार वेळा जागा एकच होती: खळखळ संपून पाणी गडद होतं तिथला पोखरलेला काठ. म्हणून सातव्या फेरीला दुसरा, ७ वजनाचा रॉड बांधूनच नेला. टिपेट १एक्स. अकरातून एक्सचा आकडा वजा केला की जाडी हजारांश इंचात मिळते, म्हणजे ५एक्स साधारण ०.१५ मिमी आणि १एक्स ०.२५ मिमी. फ्लाय म्हणून क्लाउझर मिनो, बॉब क्लाउझर यांनी तयार केलेली, लहान माशासारखी दिसणारी. डोक्याजवळच्या जड डोळ्यांमुळे ओढ थांबली की ती नाक खाली करून बुडते आणि पुन्हा ओढली की वर उसळते. जखमी माशाची चाल याहून चांगली दाखवणारी फ्लाय माझ्या डबीत तरी नाही.

सातवी फेरी कोरडी गेली. मी एकसारख्या लयीत ओढत होते, आणि धडपडणाऱ्या माशाला लय नसते. आठव्या फेरीत दोन छोट्या ओढी, एक लांब, मग थांबणं, असं सुरू केलं. थांबल्यावरच धक्का बसला, आणि मी पुन्हा रॉड उचलला. फ्लाय तोंडातून निघून आली. नववीला डाव्या हाताने लाईन ओढूनच गळ बसवायचा म्हणून रॉडचं टोक पाण्याला टेकवून ठेवलं. चौथ्या कास्टला, फ्लाय बुडत असतानाच लाईन बाजूला सरकली. ओढली. या वेळी तेच सावकाश, जड डोकं होतं, पण मधे लहान मासा नव्हता.

मापपट्टीवर ५३ सेंटीमीटर भरला. गळ जबड्याच्या कोपऱ्यात होता, एका बोटाने निघाला. पाण्यातच धरून ठेवला होता तेव्हा तोंड उघडलं, आणि घशाशी एका माशाची शेपटी दिसली, अर्धी पचलेली. शेपटीवरून तो मासा माझ्या फ्लायपेक्षा बराच मोठा असावा. दहाव्या फेरीसाठी आता दीडपट लांबीच्या दोन फ्लाय बांधायला घेतल्या आहेत, डोळे एक आकार हलके, म्हणजे थांबल्यावर त्या जरा जास्त वेळ पाण्यात तरंगत राहतील.